रेकॉर्डिंगला कोणती गिटार, कोणता अ‍ॅम्प? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टुडिओत गिटार रेकॉर्ड करायला येणारे लोक शिफ्टच्या आदल्या आठवड्यात जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अडनिडे. एखादी गोष्ट दुसरीकडे नीट आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडेल: रेकॉर्डिंगमध्ये तुमचा कान नाही, माइक ऐकतो, आणि तो स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसलेला असतो.

१. माझ्याकडे एकच साधी गिटार आहे. तीच घेऊन आलो तर चालेल का?

चालेल, फक्त ती सुरात राहायला हवी. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार त्याच फ्रेटवर दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही वेळा काटा एकाच जागी यायला हवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तारेखालचा टेकू) मागे सरकवायचा, उतरा येत असेल तर पुढे. इलेक्ट्रिक गिटारवर हे घरी स्क्रूड्रायव्हरने होतं, अ‍ॅकूस्टिक मात्र कारागिराकडेच न्यावी लागते. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, एपिफोन यांच्या स्वस्तातल्या गिटारी मिक्समध्ये भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. बेसूर बारावा फ्रेट पहिल्याच कॉर्डला कळतो. म्हणून नवी गिटार मागून आणण्याआधी आहे तिचा सेटअप करून घ्या, आणि तो शिफ्टच्या आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी करा.

२. गाण्याला कोणती इलेक्ट्रिक गिटार शोभेल हे ठरवायचं कसं?

गिटार वाजेल त्या जागी आणखी कोण वाजतंय, हे आधी कागदावर लिहा. कीबोर्डचे पॅड आणि व्हायोलिन्स भरून असतील तर जाड आवाजाच्या गिटारला जागाच उरत नाही. तिथे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) फेंडर टेलिकास्टर घ्या. १९५१ पासून याच नावाने विकली जाणारी ही गिटार ब्रिज पिकअपवर इतकी कोरडी आणि टोकदार वाजते की ढोलकी-तबल्याच्या गर्दीतूनही रिदम स्वच्छ ऐकू येतो.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तिला तीन पिकअप होते, पण स्विचला जागाही तीनच. वादक तो स्विच मुद्दाम दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की एक पोकळ, काचेसारखा आवाज येतो. फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला १९७७ उजाडलं. सुगम गाण्यात गायकाच्या मागे सुट्या सुरांची नक्षी वाजवायची असेल तर या मधल्या, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या जागा फार उपयोगी पडतात.

गिब्सनची लेस पॉल १९५२ ची, आणि तिच्यावर हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) आले १९५७ मध्ये. मधले सूर भरलेले, तार छेडल्यावर लांब टिकणारा आवाज. दोनच वाद्यांचं गाणं असेल, किंवा सोलो गायकाइतकाच पुढे हवा असेल, तर हीच. ईएस-३३५ तिच्यापेक्षा मोकळी वाजते, कारण तिच्या कडा पोकळ आणि मधोमध लाकडाचा ठोकळा असतो.

अरेंजरने काहीच सांगितलं नसेल तर एक सिंगल कॉइलची आणि एक हंबकरची अशा दोन आणा. तीन स्ट्रॅट आणणारे लोक भेटतात. त्यातल्या दोन केसमधून बाहेरही येत नाहीत.

३. अ‍ॅकूस्टिक मोठ्या अंगाची चांगली की लहान?

एकटी गिटार आणि गायक असेल तर मोठी, म्हणजे ड्रेडनॉट. सोबत तबला असेल तर लहान. डग्ग्याची घुमक आणि ड्रेडनॉटचा खर्ज एकाच पट्ट्यात येऊन बसतात, मग मिक्समध्ये रेकॉर्डिस्ट गिटारचा खालचा भाग कापूनच टाकतो. कापायचाच आहे तर मुळात नसलेला बरा. माइक साउंडहोलच्या समोर न ठेवता मान जिथे अंगाला जुळते तिकडे, साधारण बाराव्या-चौदाव्या फ्रेटच्या समोर, हातभर अंतरावर ठेवला तरी अर्धी घुमक कमी होते. भावगीताच्या अंगाचं, हळुवार गाणं असेल तर नायलॉन तारांची गिटार जरूर विचारात घ्या. तिची तार छेडल्याचा ‘टक’ आवाज कमी असतो, त्यामुळे ती शब्दांच्या आड येत नाही.

४. बारा तारांच्या गिटारसारखा आवाज हवाय, पण ती कुणाकडेच नाही. काही जुगाड?

आहे, आणि जुना आहे. बारा तारांचा सेट विकत घ्या. त्यातल्या ई, ए, डी आणि जी या चार सुरांच्या बारीक, एक सप्तक वरच्या तारा साध्या गिटारवर जाड तारांच्या जागी चढवा. बी आणि बारीक ई नेहमीच्याच ठेवा. आधी साध्या गिटारवर भाग वाजवा, मग या गिटारवर तोच भाग पुन्हा. दोन्ही एकत्र लावले की बारा तारांचा झगमगाट येतो, शिवाय दोघींचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. जीची तार फार बारीक असते, सूर चढवताना सावकाश. एक जास्तीची जवळ असू द्या.

५. तारा नव्या हव्यात की थोड्या वापरलेल्या?

अ‍ॅकूस्टिकला आदल्या दिवशी बदला, ताणून घ्या, तासभर वाजवा. शिफ्टच्या दिवशी सकाळी चढवलेली तार दर टेकला उतरते. इलेक्ट्रिकला आठवडाभर वापरलेल्या चालतात. जाडीचं म्हणाल तर इलेक्ट्रिकला दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड), अ‍ॅकूस्टिकला अकरा किंवा बाराचा. नऊच्या तारा जोरात छेडल्या की सूर क्षणभर चढतो. स्टेजवर ते खपून जातं, हेडफोनमध्ये खपत नाही. कोटेड तारा जास्त टिकतात आणि बोटं सरकल्याची चरचर कमी करतात. अ‍ॅकूस्टिकच्या सुट्या सुरांच्या कामाला मला त्याच आवडतात.

६. गायिकेने पट्टी काळी पाच सांगितली आहे. सगळं गाणं बार कॉर्डमध्ये वाजवायचं का?

नको. काळी पाच म्हणजे ए शार्प, म्हणजेच बी फ्लॅट. बार कॉर्डमध्ये एका बोटाने सगळ्या तारा दाबतात, त्यामुळे एकही तार मोकळी राहत नाही. हात दुखतो तो वेगळाच, पण अ‍ॅकूस्टिकचा सगळा उजेड मोकळ्या तारांत असतो. कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) लावा: पहिल्या फ्रेटवर ए चे आकार, तिसऱ्यावर जी चे, सहाव्यावर ई चे.

नेहमी लागणाऱ्या बाकीच्या पट्ट्या अशा. काळी एकला पहिल्या फ्रेटवर सी किंवा चौथ्यावर ए. काळी दोनला पहिल्यावर डी किंवा तिसऱ्यावर सी. पांढरी चारला पहिल्यावर ई, तिसऱ्यावर डी, पाचव्यावर सी. काळी चारला पहिल्यावर जी किंवा चौथ्यावर ई.

यातला कोणता निवडायचा? सोबत बास आणि तबला असेल तर वरचा कॅपो घ्या, खर्ज आपोआप कमी होतो. दोन गिटारी असतील तर एकीने तिसऱ्या फ्रेटवर जी चे आणि दुसरीने सहाव्यावर ई चे आकार वाजवायचे. एकच कॉर्ड दोन उंचींवर वाजतो आणि गाणं रुंद होतं. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर लावायला विसरू नका, कारण त्याच्या दाबाने तारा चढतात.

एक सापळा आहे. काही गाणी मध्यमाला सा मानून बसवलेली असतात. गायक काळी एक सांगतात आणि गाणं मुक्कामाला काळी तीनवर येतं. म्हणून पट्टी विचारून थांबू नका, फोनवर मुखड्याची शेवटची ओळ गायला सांगा.

७. गिटार ट्यूनरवर बरोबर आहे, तरी हार्मोनियमसोबत कच्ची का वाटते?

ट्यूनर मधल्या पांढरी सहाला ४४० हर्ट्झ धरून चालतो. जुन्या पेट्या बरेचदा त्याहून थोड्या चढ्या किंवा उतऱ्या असतात, आणि पेटीचे सूर ऐन वेळी बदलता येत नाहीत. मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून ट्यूनरवर तिचा आकडा पाहा. ४४३ दिसला तर ट्यूनरचा आधार ४४३ करा आणि गिटार पेटीला मिळवा. मात्र त्याच गाण्यात आधीच कीबोर्ड रेकॉर्ड झालेला असेल तर तो ४४० वर आहे. तिथे पेटीच बदलावी लागते.

तानपुरा असेल तर अडचण वेगळी. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार आणि गिटारच्या फ्रेटवरचा गंधार यांत सुमारे १४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक असतो, गिटारचा चढा. गिटार कितीही नीट लावा, हा फरक जात नाही, कारण तो फ्रेटच्या जागांमध्येच आहे. उपाय म्हणजे कॉर्डमधून गंधार काढून टाकायचा आणि सा-पा धरून वाजवायचं. डी-ए-डी-जी-ए-डी असं ट्यूनिंग केलं तर मोकळ्या तारांत गंधार येतच नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की तेच ट्यूनिंग काळी दोनचं होतं.

८. अ‍ॅम्प किती वॅटचा आणू? पन्नासचा पुरेल ना?

पन्नासचा जास्त होईल. लोकांना हे पटत नाही म्हणून हिशोब देतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट लागतात. म्हणजे पाच वॅटचा अ‍ॅम्प पन्नासवाल्याच्या साधारण निम्मा मोठा वाटतो, एक दशांश नव्हे. बंद खोलीत पाच वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्पसुद्धा कान किटवतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची गोडी तो जरा जोरात चालवल्यावर येते. व्हॉल्व्ह दमायला लागतात, स्पीकरचा कागद हलायला लागतो, आवाजाला कड येते. फेंडरचा ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब स्टुडिओत दोनवर ठेवावा लागतो आणि तिथे तो नुसता स्वच्छ आणि थंड वाजतो. २२ वॅटचा डीलक्स रिव्हर्ब पाच-सहावर नेता येतो. त्यांचाच प्रिन्स्टन त्याहूनही लहान आहे, आणि मोठमोठ्या रेकॉर्डिंगमध्ये तो इतका का दिसतो त्याचं कारण हेच. माइकला खोली किती मोठी आहे हे कळत नाही, त्याला फक्त समोरचा स्पीकर कळतो.

अपवाद एक. फंकची स्वच्छ, कापणारी रिदम किंवा जॅझचे गोल कॉर्ड हवे असतील तर आवाज अजिबात फाटता कामा नये. तेव्हा ट्विनच आणा. उचलायला मात्र दोघं या, तो तीस किलोच्या आसपास आहे.

९. फेंडर, व्हॉक्स, मार्शल, रोलंड यांत नेमका फरक काय?

फेंडरमध्ये मधले सूर थोडे खोलगट, वरचे चमकदार. गायकाला जागा हवी असेल तर पहिला हात याच्यावर. व्हॉक्स एसी३० आणि एसी१५ ईएल८४ व्हॉल्व्हवर चालतात. कॉर्ड वाजवला की वरच्या बाजूला खणखणीत घंटेसारखा नाद येतो, आणि अर्धवट फाटलेली रिदम यांच्याइतकी छान दुसरीकडे क्वचित मिळते. मार्शलची सुरुवात १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पच्या सर्किटवरून झाली, पण भाग आणि स्पीकर बदलल्यामुळे तो वेगळाच गुरगुरू लागला. मधले सूर पुढे, रॉकला चोख.

रोलंड जेसी-१२० हा १९७५ पासूनचा, व्हॉल्व्ह नसलेला. आपल्याकडच्या रिहर्सल रूममध्ये आणि भाड्याच्या सामानात तो हटकून सापडतो. स्वच्छ आवाजाला उत्तम, पेडल लावलं तरी गडबडत नाही. त्याच्या कोरसची मात्र एक गंमत लक्षात ठेवा. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून सरळ आवाज येतो आणि दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोन्ही हवेत मिसळून कोरस तयार होतो. एकाच स्पीकरला माइक लावला तर एकतर काहीच कळत नाही किंवा गिटार बेसूर डुलताना ऐकू येते. कोरस हवा असेल तर दोन माइक, दोन ट्रॅक.

१०. स्टुडिओवाले म्हणतात अ‍ॅम्प आमच्याकडे आहे. काय विचारून घेऊ?

नेमकं मॉडेल. तो वेगळ्या खोलीत ठेवता येतो का. संध्याकाळी जोरात वाजवला तर शेजारी वर येतात का. शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण सोसायटीच्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत सगळ्यात महत्त्वाचा तोच ठरतो.

११. घरी जमवलेला आवाज स्टुडिओत आल्यावर कर्कश का होतो?

घरी अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि तुम्ही उभे. स्पीकर तुमच्या पोटऱ्यांवर वाजत असतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात, ते कानापर्यंत पुरते येतच नाहीत. आवाज मंद वाटतो म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. स्टुडिओत माइक थेट स्पीकरसमोर असतो आणि त्याला तो सगळा ट्रेबल मिळतो. आवाज ठरवताना अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, किंवा स्वतः त्याच्यासमोर जमिनीवर बसा. अ‍ॅम्प उचलला की जमिनीमुळे वाढलेला खर्जही आटोक्यात येतो.

गेनचं (आवाज किती फाटावा हे ठरवणाऱ्या बटणाचं) तसंच. स्टेजवर जोश आणणारं डिस्टॉर्शन जवळच्या माइकमध्ये चिखल होतं. नेहमीपेक्षा दोन खुणा कमी ठेवा. दोन ट्रॅक एकत्र आले की ते पुन्हा भरतं (प्रश्न १७ पाहा).

बाकीचं काम माइकच्या जागेचं आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शुअर एसएम५७ असतो, १९६५ पासून तोच. टॉर्च लावून जाळीच्या कापडाआड स्पीकरची मधली टोपी कुठे आहे ते पाहा. टोपीच्या मधोमध माइक रोखला तर आवाज धारदार, टोपीच्या काठावर आणला तर समतोल, कागदाच्या बाहेरच्या बाजूला नेला तर मऊ आणि अंधारा. एक बोट सरकवलं तरी फरक ऐकू येतो, तो अ‍ॅम्पच्या बटणांनी मिळवायला जाल तर मिळत नाही. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने हेडफोन लावून माइक हलवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ते सोडून लोक अर्धा तास इक्वलायझर फिरवत बसतात. माइक जाळीच्या अगदी जवळ असेल तर खर्ज फुगतो, चार-पाच इंच मागे घेतला की उतरतो.

१२. आता इतके चांगले प्लगइन आहेत. खरा अ‍ॅम्प लागतोच का?

बऱ्याच गाण्यांना लागत नाही. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर तर फुकट मिळतो आणि त्यातले चांगले कॅप्चर (एखाद्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल) खऱ्या अ‍ॅम्पच्या इतके जवळ जातात की मिक्समध्ये वाद घालण्यात अर्थ नसतो. केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स या अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या यंत्रांबद्दलही हेच. कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) भाग मात्र बंद ठेवू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही, त्यामुळे फाटलेल्या आवाजाची करकर त्यातच गळून जाते. कॅबिनेटचा इम्पल्स (त्या पेटीच्या आवाजाची नोंद) न लावता थेट घेतलेलं डिस्टॉर्शन भुंग्यासारखं लागतं, आणि दोष विनाकारण प्लगइनवर जातो.

खरा अ‍ॅम्प तिथे हवा जिथे फीडबॅकशी खेळायचं आहे, म्हणजे तार धरून ठेवायची आणि स्पीकरच्या हवेने ती पुन्हा थरथरू द्यायची. आणि जिथे वादकाला हेडफोनमध्ये बंद करून वाजवता येत नाही तिथे. असे वादक असतात आणि त्यांचं बरोबर असतं.

१३. आवाज अजून ठरत नाहीये, पण वाजवून ठेवायचंय. काय करू?

डीआय बॉक्समधून (गिटार थेट रेकॉर्डिंगला जोडणारी डबी) गिटारचा कोरा ट्रॅक घ्या, सोबत अ‍ॅम्पचाही घ्या. नंतर कोरा ट्रॅक री-अ‍ॅम्प बॉक्समधून पुन्हा कुठल्याही अ‍ॅम्पला देता येतो. ऑडिओ इंटरफेसमध्ये सरळ केबल लावणार असाल तर गिटारचं चिन्ह असलेलं किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं इनपुट वापरा. गिटारच्या पिकअपला सुमारे दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुटला लावली की आवाज बसका होतो आणि नंतर तो उजळता येत नाही. जोरात छेडल्यावर मीटर −१० डेसिबलच्या आसपास राहिलं की पुरे, २४ बिटमध्ये त्याहून भरायची गरज नाही.

१४. स्ट्रॅटमधून सारखा ‘घूं’ येतो. गिटार खराब आहे का?

बहुधा नाही. सिंगल कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, ते खोलीतली वीज पकडतं. आधी व्हॉल्यूम शून्यावर न्या. घूं तसाच राहिला तर दोष केबलचा, पेडलचा किंवा अ‍ॅम्पचा. थांबला तर गिटार पकडतेय. मग खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरा. एका कोनात घूं जवळजवळ नाहीसा होतो, तिथेच बसून टेक द्या. कॉम्प्युटरच्या पडद्यापासून आणि अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर.

घूं बारीक आणि खरखरीत असेल, ‘झर्रर्र’ असा, तर वर पाहा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो आणि ती कापलेली धार थेट पिकअपमध्ये येते. पंखा पूर्ण वेगाने ठेवला किंवा बंद केला की आवाज गायब. जुने, मोठ्या डब्याचे रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत. एलईडी दिव्यांचे डिमर आणि लॅपटॉपचा चार्जर हेही संशयित. टेकपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हा घूं पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. पांढरी पाचही नाही, काळी चारही नाही, म्हणजे कुठल्याच पट्टीला मिळत नाही. तो ‘मिक्समध्ये लपेल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूं जातो, मात्र मधला पिकअप उलट वेटोळ्याचा असेल तरच. जुन्या धर्तीच्या गिटारींवर तो तसा नसतो. आणि प्लगची जाड अर्थिंगची पिन काढून आवाज घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आवाज जातो, पण तारेला आणि माइकला एकदम हात लागला तर जीवही जाऊ शकतो.

१५. पेडल लावूनच रेकॉर्ड करू का?

ओव्हरड्राइव्ह, वा-वा, ट्रेमोलो यांवर तुमचा हात बदलतो, म्हणून ते लावूनच. रिव्हर्ब आणि लांब डिले नंतर घालता येतात, रेकॉर्ड झाल्यावर काढता येत नाहीत. हेडफोनमध्ये कोरडं वाजवायला नको वाटत असेल तर फक्त ऐकण्यापुरता रिव्हर्ब मागा. अपवाद म्हणजे डिलेच्या ठोक्यावरच रचलेला भाग. तिथे पेडल हेच वाद्य आहे. गाण्याचा टेम्पो आधी विचारून डिले त्यावर बसवा.

१६. माझ्या अ‍ॅकूस्टिकला पिकअप आहे. कार्यक्रमात छान वाजतो, मग स्टुडिओत माइक कशाला?

सॅडलखालचा पिएझो पिकअप लाकडाचा आवाज ऐकत नाही, तारेचा दाब ऐकतो. कार्यक्रमात ढोल-ताशाच्या शेजारी तोच बरा. स्टुडिओत एकटा ऐकला की प्लॅस्टिकसारखा लागतो. तरी त्याचा ट्रॅक घेऊन ठेवा. माइकवर गायकाचा आवाज सांडला असेल तर अडीअडचणीला तो उपयोगी पडतो.

१७. डबल ट्रॅकला (तोच भाग दोनदा रेकॉर्ड करायला) दुसरी गिटार हवी की तीच चालेल? एक ट्रॅक कॉपी केला तर?

कॉपी करून काही होत नाही, तोच आवाज फक्त मोठा होतो. पुन्हा वाजवावंच लागतं. दोन हातांतला तो बारीक फरकच डावी-उजवीकडे पसरतो. गिटार तीच असेल तर पिकअप, अ‍ॅम्प किंवा कॅपोची जागा (प्रश्न ६) बदला. एक आवाज आणि एक गिटार असं शांत गाणं असेल तर डबल करूच नका, लक्ष शब्दांवरून उडतं.

१८. पावसाळ्यात रेकॉर्डिंग आहे. गिटारची काही वेगळी काळजी?

हो. अ‍ॅकूस्टिकला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात आणि गोव्यात जुलैमध्ये हवा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, ब्रिजजवळचा वरचा पत्रा उचलला जातो, तारा उंच होतात आणि फ्रेट दाबताना सूर चढतो. अशी गिटार एसीच्या कोरड्या खोलीत आणली की उलट प्रवास सुरू होतो, आणि पहिला तासभर ती सुरात थांबत नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. स्टुडिओत पोहोचल्यावर केस उघडून ठेवा, तोवर चहा, हेडफोन, माइकची मांडणी उरकून घ्या. एसीच्या झोतासमोर गिटार उभी करू नका.

१९. आमचं गाणं सी मध्ये उतरवलेल्या ट्यूनिंगचं आहे. तारा सैल पडतात. स्टुडिओत आल्यावर ट्यूनिंग केलं तर चालेल?

फक्त जाड ई डीवर उतरवायची असेल तर चालेल. सगळ्याच तारा दोन सूर खाली न्यायच्या असतील तर नाही. दहाच्या तारा तिथे लोंबतात, प्रत्येक ठोक्याला सूर वर जाऊन खाली येतो. अकरा-चोपन्न किंवा बारा-छप्पनचा सेट लावा आणि सेटअप पुन्हा करून घ्या. जाड तारेसाठी नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) खाच थोडी रुंद करावी लागू शकते, आणि मान नव्या ताणाला रुळायला एक-दोन दिवस घेते. तरंगत्या (स्प्रिंगवर तोललेल्या) ब्रिजची गिटार या कामाला आणूच नका, एक तार लावली की बाकीच्या पाच हलतात. लेस पॉलपेक्षा स्ट्रॅटच्या लांबीची गिटार इथे बरी: २४.७५ विरुद्ध २५.५ इंच, पाऊण इंचाचा फरक, पण खालच्या तारेला तो जाणवतो. नेहमीचंच काम असेल तर २७ इंच किंवा जास्त लांबीची बॅरिटोन घ्या.

२०. चुलतभावाने अमेरिकेहून अ‍ॅम्प आणलाय. प्लगचा अडॅप्टर लावला की झालं ना?

थांबा, लावू नका. अडॅप्टर फक्त पिना बदलतो. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. लावल्या क्षणी फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. अ‍ॅम्पच्या मागे काय छापलंय ते वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर नुसता अडॅप्टर चालेल. मॉडेलर आणि छोटे डिजिटल अ‍ॅम्प बहुधा असे असतात. व्होल्टेज निवडायचा स्विच असेल तर तो आधी फिरवा. नुसतं १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याची ताकद अ‍ॅम्पच्या ‘२२ वॅट’ वरून ठरवू नका. तो आकडा स्पीकरकडे जाणाऱ्या शक्तीचा आहे, व्हॉल्व्ह अ‍ॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट ओढतो. मागे छापलेल्या वापराच्या दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या, अर्थिंग पुढे नेणारा. जपानहून आणलेला असेल तर तिथली वीज १०० व्होल्टची आहे, १२० चा ट्रान्सफॉर्मर त्याला चालणार नाही.

२१. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून व्हॉल्व्ह हेडचा (स्पीकर वेगळा असलेल्या अ‍ॅम्पचा) स्पीकर काढून थेट लाइन आउटने रेकॉर्ड करू का?

स्पीकर काढून कधीही नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला स्पीकरचा भार मिळाला नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर खराब होऊ शकतो, आणि तो बदलणं महाग पडतं. स्पीकरच्या जागी लोड बॉक्स (स्पीकरसारखा भार देणारी, आवाज न करणारी डबी) जोडा, त्याचे ओहम हेडच्या मागे लिहिलेल्या ओहमशी जुळवून: ८ ला ८, १६ ला १६. लोड बॉक्समधून निघणाऱ्या लाइनला कॅबिनेटचा इम्पल्स लावावा लागेल, ते का हे प्रश्न १२ मध्ये आलं आहे. काही नव्या हेडमध्ये आतच लोड असतो, तसं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच स्पीकर काढा. जेसी-१२० सारख्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला हा धोका सहसा नसतो. आणि हेडपासून लोड बॉक्सपर्यंतची केबल स्पीकरचीच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिची आतली तार बारीक असते आणि जोरात वाजवल्यावर ती तापते.